अमेरिकन माणूस आणि त्याची बंदूक

गेल्या जून महिन्यात शेजारच्या एका वृद्ध स्नेह्यांकडे जाण्याचा योग आला. त्यांची सात वर्षांची नात सुट्टीसाठी न्यू जर्सीहून बडोद्यास आली होती. आम्ही चहा घेत बसलो होतो आणि पलीकडे मुलांचा दंगा चालला होता. एकाएकी सारे शांत झाले. पाहतो तो त्या चिमुरडीने दिवा मालवला होता, दाराला कडी घातली होती आणि आपल्या चुलत भावंडांना कपाटाआड दाटीवाटीने बसवून ती ओठांवर बोट ठेवून उभी होती. "हा कसला ग नवा खेळ?" असे आजोबांनी विचारताच ती सहज म्हणाली, "आजोबा, हा खेळ नाही. शाळेत कुणी बंदूक घेऊन आलं, तर असं बसायचं. आम्हाला बाई शिकवतात."

आजोबांच्या हातातील कपबशी क्षणभर तशीच राहिली. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, आपण इतकी वर्षे इतिहास शिकविलात. चंद्रावर माणूस उतरविणाऱ्या देशाला आपल्या लेकरांच्या शाळेपासून बंदूक दूर ठेवता येत नाही, याचा अर्थ काय?"

त्या दिवशी मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. "तिकडचे लोकच तसे" असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. परंतु ते उत्तर नव्हे. कोणताही समाज एका दिवसात घडत नाही, आणि त्याच्या सवयींची मुळे बहुधा अशा जागी असतात की जेथे आपण सहसा खणून पाहत नाही. आपल्यापैकी अनेकांचे मुलगे, लेकी आणि नातवंडे आज त्या देशात राहतात. तेव्हा हा प्रश्न आपल्याला अगदीच परका नाही. विद्यार्थी मित्रहो, तो आपण या लेखात शांतपणे उलगडून पाहू.

प्रथम प्रश्नाचे स्वरूप आकड्यांनी समजून घेऊ. २०१७ सालच्या एका आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार अमेरिकेतील नागरिकांच्या हाती सुमारे ३९ कोटी ३० लक्ष बंदुका व पिस्तुले होती. म्हणजे दर शंभर माणसांमागे सुमारे एकशे वीस. माणसांपेक्षा बंदुका अधिक असलेला असा दुसरा मोठा देश जगात नाही. तथापि प्रत्येक अमेरिकन मनुष्य बंदूक बाळगतो, असा मात्र याचा अर्थ नव्हे. २०२३ सालच्या पाहणीत सुमारे एकतृतीयांश प्रौढांनीच आपल्या मालकीची बंदूक असल्याचे सांगितले. त्याच वर्षी त्या देशात बंदुकीच्या गोळीने सुमारे ४६,७०० माणसे मृत्यू पावली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्येचे होते. शाळांमधील ज्या भयंकर हत्याकांडांच्या वार्ता आपल्यापर्यंत येतात, ती या एकूण मृत्यूंचा फार लहान अंश आहेत. दुःखाचा मोठा भाग बंद दाराआड, वृत्तपत्रांच्या नजरेपलीकडे घडत असतो.

आता मुळांकडे वळू. पहिले मूळ अमेरिकेत नसून इंग्लंडात आहे. सतराव्या शतकात इंग्लंडचे राजे आणि पार्लमेंट यांच्यामध्ये दीर्घ कलह झाला. राजाने पगारी खडे सैन्य बाळगावे आणि प्रजेची शस्त्रे काढून घ्यावी, म्हणजे जुलमाला मोकळे रान मिळते, असा धडा इंग्रज प्रजेने त्यातून घेतला. दुसरा जेम्स राजा पळून गेल्यावर १६८९ साली जी हक्कांची सनद संमत झाली, तिच्यात प्रॉटेस्टंट प्रजाजनांना आपल्या स्थितीला अनुरूप व कायद्याने मान्य अशी शस्त्रे स्वसंरक्षणार्थ बाळगता येतील, असे एक कलम आले. हा हक्क मर्यादित होता. तो सर्वांना नव्हता आणि कायद्याच्या चौकटीत होता. परंतु अटलांटिक ओलांडून गेलेल्या वसाहतवाल्यांनी ही स्मृती आपल्या गाठोड्यात बांधून नेली.

नव्या भूमीवर त्या स्मृतीला निराळेच खतपाणी मिळाले. १६०७ साली व्हर्जिनियात जेम्सटाउन आणि १६२० साली उत्तरेकडे प्लिमथ येथे इंग्रजांच्या वसाहती झाल्या. तेथे राजाचे सैन्य जवळ नव्हते, पोलीस हा प्रकारच नव्हता आणि ज्यांची भूमी आपण बळकावीत आहोत ते मूळ रहिवासी भोवताली होते. म्हणून बहुतेक वसाहतींनी धडधाकट गोऱ्या पुरुषांवर शस्त्र बाळगण्याची सक्ती केली. ठरावीक दिवशी गावच्या मैदानावर त्यांची हजेरी व कवायत होई. या गावकऱ्यांच्या दलाला 'मिलिशिया' म्हणत. आपण तिला लोकसेना म्हणू. व्हर्जिनियात तर काही काळ चर्चमध्ये जातानाही पुरुषांनी बंदूक बरोबर न्यावी असा कायदा होता. म्हणजे आज ज्याला हक्क म्हणतात, ते आरंभी नागरिकाचे कर्तव्य होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

शिकारीची गोष्टही अशीच. इंग्लंडात हरीण, ससा, तितर यांवर जमीनदारांचा हक्क असे. १६७१ सालच्या शिकार कायद्याने पुरेशी जमीन नसलेल्या सामान्य माणसाला शिकारीची बंदीच केली होती. अमेरिकेच्या अफाट अरण्यात असे कुंपण कोण घालणार? काल जो इंग्लंडात हरीण मारल्याबद्दल तुरुंगात गेला असता, तोच येथे बंदूक खांद्याला लावून ताठ मानेने रानात शिरू लागला आणि संध्याकाळी चुलीवर मांस शिजू लागले. बंदूक त्याच्या दृष्टीने केवळ हत्यार राहिली नाही. आपण कोणाचे कूळ नाही, कोणाचे चाकर नाही, याची ती खूण झाली. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मन कारागिरांनी लांब नळीची, अचूक नेमाची रायफल घडविली, आणि नेमबाजी हा खेड्यापाड्यांतील अभिमानाचा विषय झाला.

दुसरे मूळ स्वातंत्र्ययुद्धात आहे. १७६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने बॉस्टन शहरात पलटणी आणून ठेवल्या. ५ मार्च १७७० रोजी त्या शिपायांच्या गोळीबारात पाच नागरिक मरण पावले, आणि खड्या सैन्याविषयीचा जुना संशय पुन्हा जागा झाला. पुढे १९ एप्रिल १७७५ च्या पहाटे जनरल गेज याने सुमारे सातशे शिपाई बॉस्टनहून काँकर्ड गावी धाडले. कशासाठी? तेथील लोकसेनेने साठविलेली शस्त्रे व दारूगोळा जप्त करण्यासाठी. वाटेत लेक्झिंग्टनच्या हिरवळीवर सत्तराहून थोडे अधिक गावकरी बंदुका घेऊन उभे होते. गोळी प्रथम कोणी झाडली हे आजवर निश्चित झालेले नाही. परंतु आठ गावकरी तेथे पडले. काँकर्डच्या पुलावर मात्र गावकऱ्यांनी शिपायांना मागे रेटले आणि परतीच्या वाटेवर कुंपणांआडून व झाडांआडून त्यांच्यावर गोळ्यांचा वर्षाव केला. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचा आरंभ हा असा सरकारने शस्त्रे जप्त करण्याच्या प्रयत्नातून झाला. "सरकार तुमची बंदूक घ्यायला येत आहे" हे वाक्य आजही अमेरिकन मनाला इतके का झोंबते, याचे एक उत्तर त्या पहाटेत आहे.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक सावधगिरी बाळगली पाहिजे. नांगर टाकून आलेल्या शेतकऱ्याने एकट्याने साम्राज्याचा पराभव केला, ही कथा रम्य आहे, पण अपुरी आहे. सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन यांनी लोकसेनेच्या बेशिस्तीबद्दल वारंवार कडवट तक्रारी केल्या आहेत. युद्ध अखेर जिंकले ते कवायती सैन्याच्या चिकाटीने आणि फ्रान्सच्या मदतीने. परंतु राष्ट्रांच्या स्मृतीत तपशिलापेक्षा चित्र अधिक टिकते, आणि अमेरिकेच्या स्मृतीत टिकलेले चित्र बंदूकधारी शेतकऱ्याचे आहे.

स्वातंत्र्य मिळाल्यावर १७८७ साली राज्यघटना तयार झाली. मध्यवर्ती सरकार फार बलवान झाले आणि त्याने खडे सैन्य उभारले, तर घटक राज्यांच्या लोकसेना निकामी होतील, अशी भीती अनेकांना वाटत होती. ती भीती शमविण्यासाठी जेम्स मॅडिसन यांनी ज्या घटनादुरुस्त्या मांडल्या, त्यांतील दहा १५ डिसेंबर १७९१ रोजी अमलात आल्या. त्यांतील दुसरी दुरुस्ती म्हणजे या साऱ्या वादाचे केंद्र होय. मूळ इंग्रजीत ती अवघ्या सत्तावीस शब्दांची आहे. तिचा आशय असा: सुव्यवस्थित लोकसेना ही स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेस आवश्यक असल्यामुळे, शस्त्रे बाळगण्याच्या व धारण करण्याच्या लोकांच्या हक्कास बाधा आणली जाणार नाही.

या वाक्याचे दोन भाग आहेत आणि दोन पक्षांनी ते जणू वाटून घेतले आहेत. एक पक्ष म्हणतो, पहिला भाग हा दुसऱ्याचे कारण आहे. लोकसेना गेली, तेव्हा हक्काचा मूळ हेतूही गेला. दुसरा म्हणतो, हक्क 'लोकांचा' आहे असे स्पष्ट लिहिले आहे. कारण उरो वा न उरो, हक्क उरतोच. व्याकरणाच्या एका प्रश्नावर लक्षावधी लोकांनी दोन शतके वाद घालावा, असे उदाहरण जगाच्या इतिहासात विरळा.

तिसरे मूळ काळोखातले आहे, आणि त्याच्याविषयी त्या देशातही पुष्कळ काळ हळू आवाजात बोलले जाई. १७९२ च्या लोकसेना कायद्याने अठरा ते पंचेचाळीस वयाच्या प्रत्येक स्वतंत्र गोऱ्या नागरिकाने स्वतःची बंदूक आणि काडतुसे बाळगावी असे फर्माविले. 'स्वतंत्र' आणि 'गोरा' हे दोन शब्द येथे अधोरेखित केले पाहिजेत. दक्षिणेकडील राज्यांत गुलामांचे बंड होऊ नये म्हणून गोऱ्यांची सशस्त्र गस्त हिंडत असे, आणि गुलामांना बंदुकीला हात लावण्याची मनाई होती. १८५७ सालच्या ड्रेड स्कॉट खटल्यात सरन्यायाधीश टॅनी यांनी काळ्या माणसांना नागरिक का मानता येत नाही याची जी कारणे दिली, त्यांत एक असे होते की, तसे मानले तर त्यांना हवे तेथे शस्त्र घेऊन जाण्याचा हक्क मिळेल. गुलामगिरी संपल्यावर मिसिसिपीसारख्या राज्यांनी मुक्त झालेल्यांना परवान्यावाचून बंदूक बाळगू न देणारे कायदे तत्परतेने केले. मूळ रहिवाशांची कथा तर याहून करुण आहे. २९ डिसेंबर १८९० रोजी दक्षिण डाकोटात वुंडेड नी या ठिकाणी लष्कर लाकोटा लोकांच्या तळावर त्यांची शस्त्रे गोळा करीत असताना गोळीबार सुरू झाला आणि अडीचशेहून अधिक पुरुष, स्त्रिया व मुले ठार झाली.

म्हणूनच बंदुकीविषयी काळ्या अमेरिकनांच्या मनात दोन परस्परविरुद्ध भावना दिसतात. ज्याच्या दारावर रात्री जमाव चालून येई आणि पोलीस येत नसत, त्याला बंदुकीचा आधार वाटला तर नवल नाही. झुंडबळींविरुद्ध लेखणी झिजविणाऱ्या आयडा वेल्स या बाणेदार पत्रकर्तीने १८९२ साली प्रत्येक काळ्या कुटुंबाने घरात रायफल ठेवावी असा सल्ला दिला होता. १९५६ च्या जानेवारीत माँटगोमेरी येथे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब टाकला गेला, तेव्हा त्यांनीही पिस्तुलाचा परवाना मागितला आणि अधिकाऱ्यांनी तो नाकारला. पुढे अहिंसेचा विचार त्यांच्या अंतःकरणात पक्का रुजला, त्यांनी घरातील शस्त्रे दूर केली आणि १९५९ साली गांधीजींच्या भूमीचे दर्शन घेण्यास ते भारतात आले. ४ एप्रिल १९६८ रोजी त्यांना रायफलीच्या गोळीनेच मृत्यू आला.

चौथे मूळ कारखान्यात आहे. बंदुकीचे प्रेम केवळ रानात वाढले नाही. ते यंत्रांच्या खडखडाटातही वाढले. सरकारने १७९४ साली मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे शस्त्रांचा कारखाना काढण्याचे ठरविले. एका बंदुकीचा भाग दुसरीला तंतोतंत बसावा, ही कल्पना अशा कारखान्यांतून हळूहळू साकार झाली आणि पुढे घड्याळे, शिवणयंत्रे व सायकली यांच्या कारखान्यांनी तीच उचलली. सॅम्युअल कोल्ट यांनी फिरत्या गोळीघराच्या पिस्तुलाचे अमेरिकन पेटंट १८३६ साली, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी घेतले. ते जसे कल्पक तसेच जाहिरातीच्या विद्येतही निष्णात होते. चित्रकारांकडून त्यांनी आपल्या पिस्तुलांची साहसचित्रे काढवून घेतली आणि बड्या लोकांना नक्षीदार पिस्तुले नजर केली. १८६१ ते १८६५ या काळातील यादवी युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले. युद्ध संपले, पण कारखाने राहिले. त्यांना गिऱ्हाईक हवे होते. सरकारची मागणी घटल्यावर त्यांनी घरोघरच्या माणसाकडे मोर्चा वळविला. शेतकऱ्याला सांगितले, रानटी श्वापदांसाठी घ्या. शहरवासीयाला सांगितले, चोरासाठी घ्या. बापाला सांगितले, मुलगा मोठा झाला, आता त्याला पहिली रायफल द्या. परंपरा असते तेथे व्यापार होतो हे खरे; पण व्यापारही परंपरा घडवितो, हेही तितकेच खरे.

पाचवे मूळ कथा-कादंबऱ्यांत व चित्रपटांत आहे. १८६२ च्या वसाहत कायद्याने पश्चिमेकडे कसणाऱ्याला एकशे साठ एकर जमीन मिळू लागली आणि माणसांचे लोंढे तिकडे लोटले. त्या सीमेवरच्या जीवनाची जी प्रतिमा जगभर पसरली आहे, ती अशी: धुळीचा रस्ता, दोन पुरुष समोरासमोर, हात कमरेच्या पिस्तुलाकडे. वस्तुस्थिती पुष्कळशी वेगळी होती. डॉज सिटी, टूमस्टोन अशा गावांत शिरताना पिस्तूल ठरलेल्या ठिकाणी जमा करावे लागे. २६ ऑक्टोबर १८८१ रोजी टूमस्टोन येथे झालेली सुप्रसिद्ध चकमक सुमारे अर्ध्या मिनिटात आटोपली आणि तिच्यात तिघे मेले. तिच्या मुळाशी गावात शस्त्र घेऊन फिरण्यास मनाई करणारा नगरपालिकेचा नियमच होता! ज्या गावाचे नाव बेबंद पिस्तुलबाजीचे प्रतीक झाले, तेथे बंदुकीवर नियंत्रण होते.

परंतु सत्य मागे पडले आणि कथा पुढे गेली. १८८३ पासून 'बफेलो बिल' कोडी यांनी घोडेस्वार, नेमबाज आणि लुटुपुटीच्या लढाया यांचा प्रचंड खेळ गावोगावी व युरोपातही नेला. स्वस्त कादंबऱ्यांनी त्यात भर घातली. १९०३ सालच्या आगगाडीच्या दरोड्यावरील प्रसिद्ध मूकपटात एक दरोडेखोर थेट प्रेक्षकांवर पिस्तूल रोखून गोळी झाडतो. इकडे १८९३ साली फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने शिकागोमध्ये वाचलेल्या निबंधात अमेरिकन स्वभाव सीमेवर घडला असा सिद्धांत मांडला. त्याच निबंधात ती सीमा आता संपली आहे असेही त्याने म्हटले होते. सीमा संपली, पण तिची आठवण पडद्यावर दर आठवड्याला नव्याने जिवंत होऊ लागली. आपल्याकडे विजयादशमीस शस्त्रपूजन होते. त्या तलवारीने आता लढायचे नसते, तरी तिच्याशी पूर्वजांचे नाते जोडलेले असते. अमेरिकन माणसाच्या बंदुकीभोवती असेच एक वलय आहे. भेद एवढाच की, आपली तलवार दुसऱ्या दिवशी पुन्हा खोळीत जाते. त्याची बंदूक भरलेली असू शकते.

हे सर्व असूनही अमेरिकेत बंदुकीला कधी कायदा लागलाच नाही, असे समजणे चूक होईल. न्यूयॉर्क राज्याने १९११ साली पिस्तुलाला परवाना सक्तीचा केला. दारूबंदीच्या काळातील टोळीयुद्धांनंतर १९३४ साली मशीनगनवर दोनशे डॉलरांचा जबर कर बसला. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा वध झाला तो टपालाने मागविलेल्या रायफलीने. लिंकन, गारफील्ड आणि मॅकिन्ली यांच्यानंतर गोळीला बळी पडलेले ते चौथे राष्ट्राध्यक्ष. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्यावर बंदुकांच्या टपाली विक्रीवर बंदी आली. १९९३ मध्ये दुकानातून बंदूक घेणाऱ्याची पूर्वचौकशी आवश्यक ठरली. १९९४ पासून दहा वर्षे लष्करी धर्तीच्या काही बंदुकांच्या विक्रीवर बंदी होती. २००४ साली तिची मुदत संपली आणि ती पुन्हा आली नाही.

मग नियंत्रणाची ही वाट अडली कोठे? त्याचे कारण गेल्या अर्धशतकातील बदलात आहे. राष्ट्रीय रायफल संघ ही संस्था १८७१ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली, ती यादवी युद्धात शिपायांची नेमबाजी सुमार दिसली म्हणून ती सुधारण्यासाठी. शंभर वर्षे तिचे मुख्य कार्य स्पर्धा, प्रशिक्षण व शिकार हेच होते, आणि १९३४ व १९६८ च्या कायद्यांना तिने सरसकट विरोधही केला नव्हता. परंतु १९७७ साली सिनसिनाटी येथील अधिवेशनात कडव्या सभासदांनी जुने नेतृत्व दूर सारले आणि संस्था पूर्णपणे राजकारणात उतरली. शहरांतील गुन्हेगारी, वर्णावर्णांतील भय आणि सरकारवरील अविश्वास यांनी त्या मताला बळ दिले. बंदूक घेण्यामागचा हेतूही बदलला. १९९९ साली बंदूक बाळगणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक शिकार हे मुख्य कारण सांगत आणि २६ टक्के संरक्षण सांगत. २०१३ पर्यंत शिकार ३२ टक्क्यांवर आली आणि संरक्षण ४८ टक्क्यांवर गेले. बापाने मुलाला शिकारीस नेण्याची बंदूक मागे पडली आणि उशाशी ठेवण्याचे पिस्तूल पुढे आले.

२००८ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला की, दुसरी घटनादुरुस्ती लोकसेनेशी संबंध नसलेल्या व्यक्तीलाही घरात स्वसंरक्षणार्थ बंदूक बाळगण्याचा हक्क देते. मात्र तो हक्क अमर्याद नाही. २०२२ साली त्याच न्यायालयाने म्हटले की, बंदुकीवरील कोणतेही बंधन देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी सुसंगत असले पाहिजे. त्यामुळे आज तेथील न्यायाधीशांना अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील जुने कायदे चाळावे लागतात. २०२४ मध्ये कौटुंबिक हिंसेबद्दल न्यायालयाने ज्यांना मनाई केली आहे, त्यांच्या हातून शस्त्र काढून घेण्याचा कायदा मात्र आठ विरुद्ध एक मतांनी ग्राह्य ठरला. घटनाच बदलावी म्हटले, तर दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश बहुमत आणि पन्नासपैकी अडतीस राज्यांची संमती हवी. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकटमधील सँडी हूक शाळेत वीस बालके आणि सहा शिक्षक-सेविका मारल्या गेल्या. साऱ्या देशाने अश्रू ढाळले. तरीही चार महिन्यांनी पूर्वचौकशी वाढविण्याचे विधेयक ५४ विरुद्ध ४६ मते पडूनही सिनेटमध्ये अडले. कारण तेथील रीतीप्रमाणे साठ मते लागत होती.

बंदूक बाळगणारा प्रत्येक जण उन्मत्त असतो, असेही समजू नये. पेनसिल्व्हेनियातील कित्येक शाळा हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होताना सुट्टी देत आल्या आहेत. १९३७ च्या कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कराचे उत्पन्न वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठी खर्च होते. जेथे पोलीस येण्यास तास लागतो, अशा एकाकी शेतावरील कुटुंबाला बंदूक जशी दिसते, तशी शिकागोच्या गरीब वस्तीतील आईला दिसत नाही. दोघेही एकाच देशाचे नागरिक आहेत आणि दोघांचे भय खरे आहे.

आता आपल्याकडे एक दृष्टिक्षेप टाकू, कारण या कथेचा एक धागा आपल्या इतिहासालाही स्पर्श करतो. इंग्रज सरकारने १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी जनतेला निःशस्त्र केले, आणि राष्ट्रीय सभेने आरंभीच्या अधिवेशनांपासून त्याविरुद्ध तक्रार केली. १९३१ च्या कराची ठरावातील मूलभूत हक्कांत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. म्हणजे काँकर्डच्या शेतकऱ्यांचा सल आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होता. परंतु डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णु कामथ यांनी हा हक्क राज्यघटनेत घालावा अशी सूचना मांडली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. कोणीही उठून बाजारातून वाटेल ती हत्यारे विकत घेऊ लागला, तर राज्यकारभार चालेल कसा, असा त्यांचा सवाल होता. आणि आग्रह धरायचा तर शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा नव्हे, देशासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा धरावा, असे ते म्हणाले. हेच बाबासाहेब १९१३ साली आपल्या बडोद्याच्या श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले होते, हे आपण विसरता कामा नये. अमेरिका त्यांनी जवळून पाहिली होती. आपल्या घटनेच्या एकोणिसाव्या कलमाने नागरिकांना एकत्र जमण्याचा जो हक्क दिला, तो शांततेने व विनाशस्त्र जमण्याचा.

एकाच साम्राज्याने ज्यांची शस्त्रे हिरावण्याचा प्रयत्न केला, असे हे दोन देश. एकाने त्या अनुभवातून बंदुकीचा हक्क उचलला, दुसऱ्याने परवान्याचा कायदा ठेवला. यात आपण श्रेष्ठ आणि ते कनिष्ठ असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. आपल्या हिंसेला बंदूकच लागते असे थोडेच आहे! परंतु यातून एक गोष्ट निश्चित दिसते. इतिहास कोणत्याही राष्ट्राला एकच वाट दाखवीत नाही. त्याच आठवणीतून कोणता धडा घ्यायचा, हे माणसे ठरवितात; आणि माणसांनी ठरविलेले माणसांना पुन्हा तपासता येते.

आमच्या वृद्ध स्नेह्यांना मी हे सारे पुढे सावकाश सांगितले. ते बराच वेळ ऐकत होते. शेवटी म्हणाले, "गुरुजी, कारणे कळली. पण कारण कळले म्हणून माझी काळजी गेली नाही." मी म्हटले, "जाऊही नये." कारण समजून घेणे म्हणजे क्षमा करणे नव्हे. वैद्य रोगाचे मूळ शोधतो, तो रोगाचा आदर करण्यासाठी नाही.

ती चिमुरडी ऑगस्टमध्ये परत गेली. या सप्टेंबरात ती तिसरीच्या वर्गात बसली असेल आणि बाईंनी सांगितल्यावर दिवा मालवून, ओठांवर बोट ठेवून एखाद्या कोपऱ्यात बसण्याचा सराव करीत असेल. तिच्या वर्गातील मुलेच उद्या त्या देशाचे मतदार होणार आहेत. त्या सत्तावीस शब्दांचा अर्थ तेव्हा तीच सांगतील, आणि त्या अंधाऱ्या कोपऱ्यातील शांतता त्यांच्या स्मरणात असेल.